भुताची भाषा

अरे, इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलला, मागच्या हॅलोवीनला काय झालं ऐका. माझ्या मुलीला, रियाला, इंटरनेटवर एक क्लिप सापडली. काळ्या स्क्रीनवर नुसता एका बाईचा किंचाळून काहीतरी अस्पष्ट ओरडण्याचा आवाज, आणि खाली सगळे विचारतायत, ही कुठली भुताची भाषा? रिया इतकी घाबरली की इतर मुलांसारखी घरोघरी कॅंडी गोळा करायलाही जाईना.

नागपूरहून आलेली माझी आई म्हणाली, "आवाज वाढव बरं." पुन्हा ऐकलं आणि ती हसतच सुटली. "अगं, मराठी आहे ही! म्हणतेय, गॅस बंद कर, दूध उतू चाललंय!"

मी तिथेच कॉमेंटमध्ये अर्थ लिहिला. क्लिप टाकणाऱ्या अमेरिकन मुलाचं लगेच उत्तर आलं, "रोज सकाळी वरच्या अपार्टमेंटमधून हाच आवाज येतो. मी घर सोडायला निघालो होतो!"