भागीदाराचं नाव

त्या सौर कंपनीच्या मेळाव्याची गोष्ट तुम्हाले सांगायची राहूनच गेली. बौद्ध, आदिवासी, मुसलमान अशा लहान ठेकेदारांना काम द्यायचं म्हणून त्यांनी नागपूरले बोलावलं होतं. माझं पांढुर्ण्यात वायरिंगचं काम. पण हाती काहीच नव्हतं, माझ्या कामावरच्या पोरी दुसरीकडं नोकरी शोधून राहिल्या होत्या.

कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, "नुसती वायरिंग नाही चालत, ताई. पॅनलचे लोखंडी स्टँडही तुम्हीच बसवायचे."

मी चहाच्या रांगेत तोंड पाडून उभी राहिली. पुढं लोधीखेड्याचे एक वेल्डर होते. ते म्हणाले, "मले उलटं सांगितलं. स्टँड ठीक आहे, पण वायरिंग कोण करन?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं अन् चहा न घेताच परत आत गेलो.

"साहेब, आता दोन्ही कामं होतात," मी म्हटलं. "हे माझे भागीदार."

"बरं. नाव काय यांचं?"

नाव तर मी विचारलंच नव्हतं. शेवटी म्हटलं, "साहेब, आताच रांगेत भेटलो. पण काम दोघांनाही येते, अन् दोघांनाही पाहिजे."

साहेब हसतच सुटले. म्हणाले, "बोरगावच्या गोदामाचं छत आधी करून दाखवा."

ते केलं, आता सौंसरचं काम चालू आहे. पण त्या दिवशी मेळाव्यातून निघताना जिन्यात मी नाव विचारलं, तर रफीकभाऊ म्हणाले, "बरं झालं साहेबांनी तुम्हालेच विचारलं. मले तरी तुमचं नाव कुठं माहीत होतं!"