लिंबाजीमामांचा अंदाज चुकला नव्हता

मंडळी, सगळे आलात. अख्खा साखरा आलाय, सेनगावची माणसं आलीत, कनेरगाव नाक्याहून पाहुणे आलेत. लिंबाजीमामांसाठी शाळेचं पटांगण पुरलं नाही, हे बघायला मामा पाहिजे होते. बघून म्हणाले असते, "येवढ्या लोकांनी आपापलं काम सोडलं काहून?"

सरपंच मला म्हणाले, जनार्दन, तू औरंगाबादला कारखान्यात आहेस, चार माणसांत बोलायची सवय आहे, तू बोल. मला बोलायची सवय आहे, हे खरं. पण आज जे बोलायचंय त्याची सवय नाही. गेले बारा दिवस मनात जुळवाजुळव करतोय आणि दर वेळी एकाच जागी अडतो. म्हणून त्या जागेपासूनच सुरू करतो.

आत्ता इथं येताना माझ्या पुढं दोघं चालले होते. एक जण म्हणाला, "कारागीर लई भारी, पर शेवटी डोळा गेला म्हाताऱ्याचा." दुसरा म्हणाला, "व्हय, अंदाज चुकू लागला होता."

मंडळी, मामांचा डोळा गेला नव्हता. मामांचा अंदाज चुकला नव्हता. हे आठ-नऊ वर्षांपासून मला माहीत आहे. मला एकट्यालाच माहीत आहे. मामांनासुद्धा माहीत नव्हतं.

तुमच्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. मामांकडं कुदळ न्या, फावडं न्या, ते आधी लोखंडाकडं बघायचे नाहीत. माणसाकडं बघायचे. "हे चालवनार कोन?" बायको चालवणार म्हटलं की म्हणायचे, "मंग तिला धाड. तू काहून आला?" मग ती बाई ऐरणीजवळ उभी राहायची, दांडा हातात धरायची, आणि मामा डोळे बारीक करून तिचे खांदे बघायचे, कंबर बघायचे, जमीन बघायचे. त्यावरून पात्याचा वाक ठरायचा. उंच माणसाला वेगळा, बुटक्याला वेगळा. ज्याची पाठ आधीच दुखतेय त्याला आणखी वेगळा. आमच्या मायची कुदळ मी चालवली तर तासाभरात कंबर धरायची. माय दिवसभर चालवायची. आपल्याला वाटायचं, लोहार म्हणजे असाच असतो.

आता मी काय केलं ते सांगतो.

तेव्हा आपला जिल्हा परभणीच होता, हिंगोली वेगळा झाला नव्हता. मी औरंगाबादच्या ज्या कारखान्यात होतो तिथं गोल्फच्या काठ्यांची लोखंडी डोकी करायचं नवीन काम आलं. गोल्फ म्हणजे साहेब लोकांचा खेळ. मोठं हिरवं रान, त्यात लहानसा पांढरा चेंडू, आणि काठीनं तो लांब टोलवायचा. काठीच्या खालच्या टोकाला जे चपटं लोखंड असतं, त्याला आम्ही हेड म्हणायचो. ते असं बनतं: आधी एक पितळेचा नमुना हातानं घासून करायचा. त्यावरून साचा. साच्यात मेणाची डोकी पाडायची. मेणावर बारीक रेतीचा चिखल थरावर थर चढवायचा, वाळवायचा, मग तापवून आतलं मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पोलाद ओतायचं. शेवटी कवच फोडलं की हेड हातात. म्हणजे सगळी मदार त्या पहिल्या पितळी नमुन्यावर. नमुना चुकला की पुढची सगळी डोकी चुकली.

आमचा नमुनेवाला काम सोडून गेला होता. मी छाती पुढं काढून साहेबांना म्हटलं, आमच्या गावात एक माणूस आहे, त्याच्यासारखी कानस कुणाच्या हातात चालत नाही. साहेबांनी पितळेचा गोळा दिला, बघून करायला एक जुनं हेड दिलं. त्या हेडची मान मोडलेली होती. मान म्हणजे काठी जिथं बसते ती जागा; उंच माणसाला ती उभी लागते, बुटक्याला तिरकी. ती किती तिरकी ठेवायची, त्याचा आकडा साहेबांनी कागदावर लिहून दिला.

तो कागद माझ्या पिशवीत होता, मंडळी. मी मामांसमोर बसलो होतो आणि कागद माझ्या पिशवीत होता.

मामांनी जुनं हेड हातात फिरवलं. तळ चाचपला. म्हणाले, "हे गवतात रुतत असंल. बूड गोल करू का जरासं?" मी म्हटलं, करा. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "हे चालवनार कोन? केवढा हाय गडी?"

मी हसलो. म्हटलं, "मामा, तो माप द्यायला साखऱ्याला येनार हाय का?"

"नको येऊ म्हन. उंची तर सांग."

बाहेर सेनगावची जीप हॉर्न वाजवून राहिली होती. पिशवी उघडायची, कागद काढायचा, आकडा समजावून सांगायचा, मला जड झालं. आणि खरं सांगू? मनात होतं, याला अंशांतलं काय कळणार. मी शिकलेला ना! मी उठता उठता म्हटलं, "असंल तुमच्यायेवढा."

मामांची उंची तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या घराच्या दारातून आपण सगळे वाकून जायचो, ते ताठ जायचे.

पंधरा दिवसांनी नमुना घेऊन गेलो. काय काम होतं! आरशासारखं. कारखान्यात त्याची मान मोजून बघणं, हे माझं काम होतं. कागदावर सही करणं, हेही माझं काम. मी सही केली. मोजलं नाही. मामांचं काम काय मोजायचं, असं म्हणून मोजलं नाही. बघा, त्यांच्यावरचा विश्वाससुद्धा मी माझ्या आळसासाठीच वापरला.

माल तयार झाला. माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस आला, चांगला उंचापुरा. त्यानं काठी धरली, आणि हेडचं नाक, म्हणजे पुढचं टोक, जमिनीत, मानेकडची टाच वर. तो सरळ उभा राहिला की ते तसंच व्हायचं. मामांएवढ्या माणसानं धरलं असतं तर सपाट बसलं असतं, अगदी सपाट. मी सांगितलेल्या माणसासाठी मामांनी ते बिनचूक केलं होतं.

साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, "गावाकडच्या लोहाराचा अंदाज चुकला, सर."

बस. एवढंच वाक्य. माझी नोकरी राहिली.

पण गावाला आलो तेव्हा मामांनी विचारलं, "कसं झालं रं काम?" तिथं तरी खरं बोलायचं होतं. समोर साहेब नव्हता. कुणी नव्हतं. मामी चहा टाकत होत्या. तरी माझ्या तोंडून तेच आलं: "मामा, मानेचा कोन चुकला तुमचा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती?" मी बोटांनी दाखवलं. त्यांनी माझी बोटं जवळ ओढून बघितली. मग म्हणाले, "येवढा? येवढा तर आंधळ्याचा बी चुकत न्हाई." आणि मी निघताना माझ्याकडचं कोन मोजायचं यंत्र मागून घेतलं.

पुढचं तुम्हीच बघितलंय. मामांनी माणसाकडं बघणं सोडलं. कुणीही कुदळ आणो, सगळ्यांना यंत्रावरचा एकच वाक. बाया म्हणू लागल्या, मामाची कुदळ पाठीला लागते. लोक सेनगावच्या दुकानातून तयार माल आणू लागले. पारावर चेष्टा झाली, मामा, चष्मा घ्या. मामी त्यांना हिंगोलीला डोळे तपासायला घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी साफ नजर मी पाहिली नाही. घरी येताना मामा मामींना म्हणाले, "डाक्टरला काय ठावं? त्यानं कुठं लोखंड वाकवलंय?" मामींनीच मला हे सांगितलं, आणि मी मान हलवत ऐकून घेतलं. मामी, मी तुमच्यासमोर बसून मान हलवली.

अजून एक राहिलं. कारखान्यानं फक्त मान दुरुस्त केली. बाकी हेड मामांचंच ठेवलं. ते गोल बूड घेणाऱ्याला इतकं आवडलं की पुढं कित्येक वर्षं आम्ही तोच आकार ओतत राहिलो. परदेशात कुठल्या कुठल्या गवतावर मामांचं काम चाललंय. मला बढती मिळाली. हे चांगलं सांगायला तर काही भीती नव्हती ना? पण ते सांगितलं असतं तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून तेही गिळलं.

मागच्या महिन्यात ते अंथरुणावर होते. मला जवळ बोलावलं. म्हणाले, "जना, त्यो गडी केवढा होता रं? खरं सांग. मी रोज त्याला डोळ्यापुढं उभा करतो."

नऊ वर्षं तो माणूस रोज त्यांच्या डोळ्यापुढं उभा होता. मला एक शब्द बोलायचा होता. उंच. "मामा, तो उंच होता." एवढंच. मी म्हटलं, "मी तरी कुठं पाहिलं त्याला, मामा? झोपा तुम्ही."

मी पाहिलं होतं. मी त्याच्या शेजारी उभा होतो.

मंडळी, मी माफी मागत नाही. ज्यांनी द्यायची ते गेले. माझं मागणं दुसरं आहे. उद्यापासून या गावात कुणी म्हणालं, लिंबाजीचा डोळा गेला होता, तर त्याला तिथंच थांबवा. म्हणा, डोळा शाबूत होता, जनार्दन खोटं बोलला. माझं नाव घेऊन म्हणा. माझी मुलं समोर असली तरी म्हणा.

आता आपण सगळे मामांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. त्यानंतर, मामी, माईक तुमच्या हातात देतो. तुम्हाला जे म्हणायचंय ते सगळ्यांदेखत म्हणा. मी इथंच उभा आहे.