लेबल काडू नगं

निंगप्पा : आन् वैनी, पेटी उघडली तवा चारी पंच तितं हुते. ही बाटली मी एकट्यानं बगितली आसती तर गप बांधावर पुरून टाकली आसती. सख्खा भाऊ हुता माझा.

केराबाई : पुरायची कशाला? चाळीस वर्सं भवानी पेठेत रिकाम्या बाटल्यांचं दुकान हाय माझं. आनायची, भाव करून घेतली आसती. सोडा की त्यो टावेल.

निंगप्पा : चेष्टा न्हाय ही. तुमच्या मालकानं बिरुदेवाफुडं भंडारा उचलून शपत घेतली हुती, दारू सोडली म्हनून. तवा कुटं पंचांनी देवाचा ढोल त्याच्या हातात दिला. मरंपतोर वाजवला. मागं ह्यो कुमार वाजवतोय. आन् आता देवळातल्या ढोलाच्या पेटीत, मायाप्पाच्या घोंगड्याच्या घडीत, ही व्हिस्कीची बाटली.

केराबाई : पेटी उघडायचं काय काडलं मधीच?

निंगप्पा : जत्रंआदी ढोलाला नवं कातडं घालायचं हुतं. कुमारला चारदा फोन केला, किल्ली धाड म्हनून. आज धाडतो, उद्या धाडतो. शेवटाला कुलूप तोडलं.

कुमार : दुकानात गडबड होती, काका. आई, काका केमवरनं पहाटेच्या गाडीनं आलेत. दिपालीला चहा टाकायला सांगू का?

केराबाई : सूनबाईचा चा पळून जात न्हाय. तू हितंच बस. भावजी, पंचांचं म्हननं काय ते सांगा.

निंगप्पा : मायाप्पानं शपत मोडून देवाचा ढोल वाजवला. देवळातला त्याचा फोटो उतरवायचा. आन् ढोलाचा मान तुमच्या घरात ठिवायचा न्हाय. आज सांजच्याला बैठक हाय. कुनाकडनं ऐकन्यापरास माझ्याकडनं ऐकावं म्हनून आलो.

केराबाई : त्यो मानूस शेवटच्या दुखन्यात खोकल्याचं औशिद नगं म्हनायचा, वास येतोय म्हनून. त्याचा फोटो उतरवनार! द्या हिकडं ती बाटली.

निंगप्पा : तुमाला वाचाय कुटं येतंय, वैनी?

केराबाई : तुमाला कुनाची मेंढी कुटली, हे तिच्या पाटीवर लिवून लागतंय व्हय?

निंगप्पा : तसं न्हाय. पन कागद बगा की कसा पिवळा पडलाय. कड उडालीया. पंचवीस वर्साची तर आसंलच.

केराबाई : पिवळं पडायला कागदाला एक पावसाळा बास हुतोय. शोकेसात ठिवायला जुन्या बाटल्या घेनारी मानसं हाईत, म्हनून लोक नव्याच बाटल्या चाच्या पान्यात बुडवून आनत्यात माझ्याकडं. मी रंग बगतच न्हाय. मी बगते छापलेलं. कुमार, देवाफुडची तेलाची बाटली आन.

कुमार : आई, राहू दे ना. पंचांनी ठरवलंय, तर घेऊ मान्य करून. आण्णांना जाऊन एवढी वर्षं झाली. गेलेल्या माणसाला काय फरक पडणार आहे?

केराबाई : बाटली आन म्हनलं मी.

निंगप्पा : हिच्यात तर दिव्याचं तेल हाय.

केराबाई : शपत घेतली त्या दिवसाची हाय ही. उरलेली दारू तुमच्या भावानं देवाच्या पायरीखाली वतली, रिकामी मी घरी आनली. त्यालाच घासाय लावली आन् त्यात तेल भरलं. लेबल मातर मी ठिवलं. रोज वात लावताना बगायचा आन् म्हनायचा, केरा, हिनं माझं नरडं धरलंय. आता दोनी शेजारी ठिवते. कंपनी एकच हाय का?

निंगप्पा : व्हय. चित्र बी तेच.

केराबाई : आता खाली किंमत छापलीया तितं बगा. ह्या तेलाच्या बाटलीवर आकड्याच्या आदी काय हाय?

निंगप्पा : दोन इंग्रजी अक्षरं हाईत.

केराबाई : आन् तुमच्या बाटलीवर?

निंगप्पा : ही... र हाय की. आन् वर दोन आडव्या रेघा.

केराबाई : खिशातली नोट काडा. तीच खून हाय का?

निंगप्पा : तीच की.

केराबाई : ही खून सरकारनं काडली तवा माझी नात सोनम पोटात हुती. त्याच्या आदीच्या एका बी बाटलीवर मी ती बगितली न्हाय, आन् रोज पोतं-पोतं निवडतीया. सोनम औंदा धाव्वीला बसली. तुमच्या भावाला जाऊन किती झाली?

निंगप्पा : एकवीस.

केराबाई : मग मेलेला मानूस उटून दुकानात गेला व्हय, बाटली आनाय?

निंगप्पा : बिरुदेवा! आमी चौघं-पाचजन नुसतं घोंगडं बगून... पन मग पेटीत ठिवली कुनी? कुलूप तर हुतं. आन् किल्ली...

केराबाई : थांबलासा का? बोला की. किल्ली माझ्या लेकाकडं आसती.

कुमार : तुला कळलं होतं, आई.

केराबाई : टावेल सुटला तवा भावजी बाटलीकडं बगत हुते, मी तुझ्याकडं.

कुमार : मग गप्प का नाही बसलीस? आण्णा गेलेत. मला अजून त्या गावात जायचंय, लोकांत बसायचंय.

केराबाई : त्याला आता तोंड न्हाय, म्हनून त्याचं तोंड मी हाय. तुझ्या तोंडाला काय झालंय?

कुमार : दोन जत्रांपूर्वीची आहे ती. ढोल गळ्यात घातला की हात थरथरायचे. सगळे म्हणायचे, मायाप्पासारखं वाजत नाही. एक घोट घेतला की थरथर थांबायची. पण आण्णांचं नाव मी नाही लावलं बाटलीला. पंचांनीच लावलं.

केराबाई : आन् तू लावू दिलंस. बापासारकं वाजत न्हाय हे मला बी ऐकू येत हुतं. त्याचा राग न्हाय मला.

निंगप्पा : वैनी, पोरगं हाय. मी सांगतो पंचांना, बाटली गाडीत फुटली. इषय मिटवू.

केराबाई : फुटली म्हनालात तर फोटो खाली आलाच. मी येते तुमच्यासंगं दुपारच्या गाडीनं, दोनी बाटल्या घेऊन. फोटो जागचा हालायचा न्हाय. आन् ढोल औंदा तुमच्या पोराच्या, तिप्पण्णाच्या गळ्यात घाला.

निंगप्पा : मी ढोल मागाय आलो नव्हतो, वैनी. बिरुदेवाची आन.

केराबाई : म्हनूनच देतीया. मागाय आला आसता तर दारातनंच लावलं आसतं.

कुमार : पंचांना तू काय सांगणार माझ्याबद्दल?

केराबाई : मी? मी फकस्त किंमत छापल्याली जागा दावनार. बाकीचं तू बोलायचं. तुझं बी तिकीट काडायचंय.

कुमार : आणि पुढच्या जत्रेला?

केराबाई : फुडच्या जत्रंचं फुडं. भंडारा उचलायचा का न्हाय, ते तुझं तू देवाला सांग. मला नगं सांगू. जा, ती बाटली आदी आतनं धू. वास मारतीया.

(कुमार बाटली घेऊन मोरीत जातो. नळाचा आवाज.)

कुमार : आई, धुतली. पण लेबल सुटायला लागलंय. ओढून टाकू का?

केराबाई : लेबल काडू नगं. कोरडी पूस. केमहून आल्यावर तेल भरायचंय तिच्यात.