चौदा लाइट आणि न वाजलेली बेल

दिनांक २१/११/२०२५, दुपारी २.१५

मी जीवन भिका काकळीज, वय ५३ वर्षे, धंदा एलईडी लाइट तयार करण्याचा, राहणार सातपूर, नाशिक. पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून जबाब देतो की,

वरील ठिकाणी मी पत्नी व दोन मुलांसह राहतो. औद्योगिक वसाहतीत माझा एक गाळा असून तेथे आठ माणसे काम करतात. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. गाळा घेण्यापूर्वी मी रेडिओ दुरुस्तीचे काम करीत असे. मयत सहादू निमसे, वय ७८, यांच्या जिन्याखाली १९९२ साली मी दुरुस्तीचे टेबल टाकले होते. वीज त्यांच्याच मीटरची होती. त्यांना सगळे नाना म्हणत. मीही म्हणत असे.

नानांना दीड वर्षापूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. त्यांना सांभाळायला भिमाबाई गांगुर्डे, वय ५१, दिवसभर असत. नानांच्या डाव्या हाताशी बिनवायरच्या बेलचे बटण होते आणि बेल मागे स्वयंपाकघरात. बटण दाबले की त्यावरचा लाल दिवा लागतो आणि आत बेल वाजते.

नानांची नात सृष्टी हिचा साखरपुडा ठरला म्हणून त्यांचा मुलगा शेखर याने घरात छताचे नवे लाइट बसवायचे काढले. तो मला म्हणाला, "काका, बाहेरून कशाला आणू? तुमचेच लावा." दि. १२/११ रोजी माझ्या माणसांनी चौदा लाइट बसवले. घरचे काम म्हणून मी ते स्वतः निवडून दिले होते. त्यातले सहा नानांच्या खोलीत आहेत.

पुढचे दोन दिवस संध्याकाळी घरात पाहुण्यांची ये-जा होती. नानांजवळ कोणी ना कोणी बसलेले असे. बेलची गरज पडली नाही.

दि. १५/११ रोजी घरचे सगळे खरेदीला गेले. भिमाबाई सांगतात की सहा वाजता त्यांनी नानांच्या खोलीतले लाइट लावले, कारण नानांना अंधार आवडत नसे, आणि त्या आत पेज करायला गेल्या. पावणेसातला पेज घेऊन आल्या तेव्हा नाना पलंगावरून खाली पडलेले होते. डोक्याला मार होता. बटण हातात होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते वारले.

शेखरने तक्रार दिली की बाई मोबाइलमध्ये डोके घालून बसली, बेल ऐकूनही उठली नाही. बाईंचे म्हणणे, "मी काय बहिरी हाय का? वाजलीच नाय. वाजली असती तर हातातलं टाकून पळाले असते." पोलिसांनी बेल ठाण्यात आणून तपासली. ती प्रत्येक वेळी वाजली. त्यावरून भिमाबाई खोटे बोलतात असे ठरले व त्यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. ज्या एजन्सीने त्यांना पाठवले होते, तिने त्यांना काढून टाकले.

दि. १७/११ रोजी सायंकाळी मी भेटायला गेलो. बाहेर एक रिक्षा उभी होती व तीत एफएमवर गाणे चालू होते. शेखरची पत्नी निकिता हिने नानांच्या खोलीतले लाइट लावले आणि गाणे गेले. नुसती घरघर. रिक्षावाला सेटवर थापा मारू लागला. थोड्या वेळाने निकिताने लाइट बंद केले. गाणे आले. बसलेल्यांपैकी कोणाच्या लक्षात आले नाही. माझे कान या कामात तयार झालेले आहेत.

मी चहा तसाच ठेवून उठलो आणि खोलीत जाऊन लाइटचे बटण चालू-बंद केले. तीन वेळा. प्रत्येक वेळी तेच झाले. निकिता म्हणाली, "काका, काय करताय?" मी म्हटले, "काही नाही गं, बटण सैल वाटलं." बटण सैल नव्हते.

लाइटच्या पाठीमागे एक छोटे सर्किट असते. ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि त्यातून रेडिओसारखा गोंगाट बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कानांना थेट ऐकू येत नाही. तो दाबायला आत तारेची एक लहान कॉइल घालतात. कॉइल नसली तरी लाइट तसाच लागतो, तेवढाच उजेड देतो. फक्त जवळपास बिनवायरवर चालणारी वस्तू असेल तर तिचा संदेश त्या गोंगाटात बुडतो. बटणाचा लाल दिवा मात्र लागतो. दाबणाऱ्याला वाटते, बेल गेली, आता कोणी येईल.

सप्टेंबर महिन्यात कॉइल वेळेवर आल्या नाहीत आणि दिवाळीचा माल द्यायचा होता. सहाशे लाइट मी कॉइल न घालता बनवले. नानांकडचे चौदाही त्यातलेच. आमच्या टेस्टिंगच्या टेबलावर संजना पगारे बसते. तिने मला तेव्हाच सांगितले होते, "काका, या लॉटला रेडिओ नुसता घरघरतोय." मी म्हणालो, "आता रेडिओ ऐकतंय कोण पोरी? लाव पॅकिंगला." ती हसली. मीही हसलो.

दि. १७ ला कळले असून २० तारखेपर्यंत का आला नाहीत, असे विचारल्यावरून सांगतो की दि. १८ रोजी मी टेम्पोबरोबर वणीला गेलो. माझे तेथे काम नव्हते, ड्रायव्हर एकटा जाऊ शकला असता. माल त्याच लॉटचा होता. तो न उतरवता परत आणला आणि गिऱ्हाइकाला उजेडाचा रंग चुकला असे सांगितले. दि. १९ रोजी त्र्यंबकेश्वरला एका भक्तनिवासाचे माप घ्यायला गेलो. माप आधीच घेतलेले होते. दोन्ही दिवस जेवण गेले नाही. पत्नीने विचारले, "बसत का नाही एका जागी?"

दि. २० रोजी सकाळी मी ठाण्यात आलो. भिमाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी हवालदार शिरसाठ यांना सर्व सांगितले. ते म्हणाले, "शेठ, लाइटमुळे बेल वाजत नाही? मग माझी बायको फोन उचलत नाही, तेही तुमच्या लाइटचंच का?" मी म्हटले, "साहेब, हसा, पण बेल घेऊन एकदा त्या घरात चला. इथे ती वाजणारच. इथे माझे लाइट नाहीत."

आज दि. २१/११ रोजी सकाळी ११ वाजता हवालदारसाहेब, दोन पंच, शेखर, भिमाबाई व मी असे नानांच्या घरी जमलो. बेल होती तिथे स्वयंपाकघरात लावली. भिमाबाई तेथेच थांबल्या. खोलीतले सहा लाइट लावले. शेखर पलंगावर बसला आणि त्याने बटण दाबले. लाल दिवा लागला. बेल वाजली नाही. त्याने अकरा वेळा दाबले. हवालदारसाहेब म्हणाले, "बास, समजलं." शेखर थांबला नाही. दाबतच राहिला.

तेव्हा मी जाऊन लाइट बंद केले. त्याच क्षणी आत बेल वाजली. भिमाबाई "आले नाना, आले आले" म्हणत धावत आल्या आणि दारात पोचल्यावर थांबल्या. हात पदराला पुसत होत्या. हात कोरडे होते.

पंचनाम्यासाठी हा प्रकार आणखी दोन वेळा करणे भाग होते. शेखरने बटण पुन्हा हातात घेतले नाही. ते मी दाबले. दोन्ही वेळा तसेच घडले. निघताना शेखर भिमाबाईंना म्हणाला, "मावशी, मी..." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

कॉइल नसलेले लाइट कोठे कोठे गेले त्याची यादी मी वहीवरून करीत आहे. वणीचा माल धरून आजपर्यंत दोनशे सत्तर परत आणले आहेत. बाकीच्यांच्या घरी मी स्वतः जाणार आहे.

हवालदारसाहेबांनी मला हा मजकूर वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "तांत्रिक दोषामुळे बेल वाजली नाही" असे आले होते. मी म्हटले, "दोष कोणाचा, ते लिहा." ते म्हणाले, "शेठ, नीट विचार करा. एकदा लिहिलं की मला खोडता येणार नाही." मी त्यांना म्हटले, लिहा की लाइट जीवन काकळीज यांनी बनवले, त्यांना माहीत असून कॉइल घातली नाही, आणि भिमाबाई गांगुर्डे यांना बेल ऐकू जाणे शक्यच नव्हते. त्यांनी तसे लिहिले आणि ते वाक्य पुन्हा वाचले. मी ते बाहेर बाकावर बसलेल्या भिमाबाईंपर्यंत ऐकू जाईल असे मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांनी वाचले.

आता मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे. तो ऐकून, समजून खाली सही करतो.

(सही) जीवन भिका काकळीज