बिनगोळीचे वीस दिवस

विमान उडवायला शिकायला निघालेली जुईली वैद्यकीय तपासणीसाठी अमरावतीच्या एका दवाखान्यात बसली होती. शेजारी अकोल्याचे केशवराव वकील. बारा वर्षांनी पुन्हा छोटं विमान उडवायचं म्हणून तेही आले होते. ते फॉर्म भरत होते आणि त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई त्यात डोकावत होत्या.

“‘रोजचं औषध’, त्याच्यापुढं ‘नाही’ काहून लिहिलं?”

“वीस दिवस झाले, बीपीची गोळी सोडली. अन् आत्ता सिस्टरनं मोजलं तर एकशे चोवीस. म्हणजे बिमारी नव्हतीच.”

“रोजची गोळी टाकत कुठी होते?”

“काळ्या कोटाच्या खिशात.”

“तिथंच सापडल्या मले. तवापासून रोज एक कुटून तुमच्या ताकात टाकून राहिली मी.”

जुईलीनं घाईघाईनं फोनमध्ये डोकं घातलं.

“म्हणजे हे एकशे चोवीस...”

“गोळीचं हाय. तुमचं नाही.”

“मले न सांगता औषध देणं गुन्हा हाय, सत्यभामा.”

“करा केस. पण खोटं लिहून वर गेले अन् तिथं चक्कर आली, तर उलटतपासणी कोणाची घेसान?”

“खरं लिहिलं तर उडू देतीन काय?”

“गोळीनं बीपी ताब्यात असन तर देतात म्हणे. मी सिस्टरले विचारून आली. लपवलेलं सापडलं तर घरीच बसा मंग.”

केशवरावांनी ‘नाही’वर रेघ मारली आणि कोर्टातल्या सवयीनं खाडाखोडीशेजारी सही केली.

“गोळीची वेळ काय लिहू?”

“तुमीच ठरवा. उद्यापासून मी कुटत नाही.”