शेपटीवर बसलेलं जंबो

तुम्ही हसान, पण विमान दिसलं की मले अजूनही तोंड लपवावंसं वाटते. रेडिओले लायसन लागे त्या काळची गोष्ट. धरमपेठेत आम्ही चौघं मित्र प्लास्टिकची विमानं जोडायचो. एकदा आमच्यातल्या वसंताच्या भाऊजीनं लंडनहून जंबो जेटचा डबा आणला. अशा विमानाची शेपटी जड असते, म्हणून जोडायच्या आधी नाकात वजन भरा लागते. आम्ही सायकलचे छर्रे भरायचो. ते काम माह्याकडं होतं.

दोन महिने खपून विमान झालं. लायब्ररीतल्या प्रदर्शनात वसंतानं ते टेबलावर ठेवलं, अन् विमानानं सगळ्यांसमोर नाक वर करून धपकन शेपटी टेकली. पुढचं चाक निघून पडलं. लोक खो-खो हसले.

पाहुणे म्हणून आलेल्या मास्तरांनी विचारलं, "काहून गा, नाकात वजन नाही भरलं?"

मी पटकन बोललो, "वसंताले सांगितलं होतं, सर. विसरला तो."

वसंतानं माह्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणे, "हो जी. माहीच चूक झाली."

माहा जीव भांड्यात पडला. चाक चिकटवायले मी ऐटीत माही सामानाची डबी उघडली. आत सोल्युशनच्या ट्यूबखाली छर्र्यांची पुडी तशीच बांधलेली होती.

वसंता बाजूलेच उभा होता. हळूच म्हणे, "झाकण लाव गा. लोक पाहून राहिले."