पाडायचीच आहे ना!

नाही, मी म्हणते, मीटिंग व्हायच्या आधीच मीटिंगमध्ये काय काय ठरलं ते लिहून ठेवायची एवढी घाई कसली असते माणसाला? अं? लग्नाच्या आधी बारशाची आमंत्रणं वाटता का तुम्ही? नाही ना? मग! पण आमच्या चंद्रलोक सोसायटीत, इथे मुलुंड पूर्वेला, हीच पद्धत. वार्षिक सभा रविवारी सकाळी, खाली पार्किंगमध्ये, स्कूटरी बाजूला सारून... आणि तिचं इतिवृत्त शनिवारीच लिहून तयार! का, तर सभेत वडे असतात, आणि वडे संपले की माणसं उठतात, मग सह्या कोण करणार? म्हणून आधीच लिहायचं, 'सर्वानुमते मंजूर', आणि एका हाताने वडा द्यायचा, दुसऱ्या हाताने सही घ्यायची. वर्षानुवर्षं असंच चाललंय हो, कुणाचं काही बिघडलं नाही. यंदा मात्र देवस्थळींचं बिघडलं.

आता देवस्थळी कोण? तर विद्याधर देवस्थळी, माझे शेजारी. तिसरा मजला. त्यांचं स्वयंपाकघर आणि माझं स्वयंपाकघर, मध्ये भिंत एकच. आणि भिंत तरी केवढी? इकडे मी फोडणी दिली की तिकडे ते शिंकतात! तेव्हा मी आता जे सांगणार आहे ते 'रत्नप्रभा, तुला कसं गं माहीत?' असं कुणी विचारायचं नाही. सांगितलं ना, भिंत एकच आहे.

तर आमची बिल्डिंग पाडायची आहे. कधी पाडायची आहे ते विचारू नका! देवस्थळींचा निहार शाळेत जायचा तेव्हापासून पाडायची आहे, आता तो कॅनडाला जाऊन स्वतः बाप झाला. बिल्डर येतात, रंगीत चित्रं दाखवतात, चित्रात पोहण्याचा तलाव, तलावाकाठी आरामखुर्चीत गोरीपान बाई... आमच्या मजल्यावर कोण बसतंय हो अशी? मग चहा पितात, वडे खातात, जातात. पण तेव्हापासून आमच्या बिल्डिंगला एकच वाक्य लागलंय. जिन्यातला दिवा गेला? पाडायचीच आहे ना! गच्ची गळते? पाडायचीच आहे ना! एकदा मी म्हटलं, अहो, दुसऱ्या मजल्यावरचा कठडा हलतोय, म्हातारं माणूस पडेल. तर चौथ्या मजल्यावरचा केतन मला म्हणतो, "मग धरू नका ना काकू... पाडायचीच आहे ना!"

ह्या एका वाक्याला एकच माणूस उत्तर द्यायचं. उत्तरा. देवस्थळींची बायको, माझी मैत्रीण. एवढीशी होती, माझ्या खांद्याला लागायची, पण पदर खोचून उभी राहिली की अख्खं पार्किंग गप्प! दरवर्षी सभेत बिल्डिंगच्या विम्याचा विषय निघाला, म्हणजे आग लागली, भूकंप झाला तर पुन्हा बांधायला कंपनी पैसे देते तो विमा हो, की कुणीतरी म्हणायचंच, कशाला विमा, पाडायचीच आहे ना! आणि ही उठायची. "तोवर राहायचंय ना?" एवढंच. भाषण नाही, काही नाही. "तोवर राहायचंय ना?" असं म्हणून उभीच राहायची, बसायचीच नाही, आणि ती बसेपर्यंत वडे वाटायचे नाहीत हा नियम, मग सगळे ओरडायचे, मंजूर, मंजूर, काकू, बसा आता, थंड होतायत! ठरावाची सूचक उत्तरा, अनुमोदक मी. झाला विमा.

आणि देवस्थळी? ते आपले शेवटच्या खुर्चीत. सहा फुटी माणूस, पण सभेत कधी तोंड उघडलं नाही. तिने हात वर केला की ह्यांचा वर, तिने खाली घेतला की ह्यांचा खाली. आम्ही हसायचो.

उत्तरा गेली जानेवारीत. तापाचं निमित्त झालं हो... जाऊ दे. ते आत्ता नको.

पण ओट्याचं सांगते. उत्तरा ठेंगणी, म्हणून तिने घर घेतलं तेव्हा भांडून स्वतःच्या उंचीचा ओटा करून घेतला होता. गवंडी म्हणत होता, बाई, असा कुणी करत नाही, सगळ्यांचा एकाच मापाचा असतो. ही म्हणाली, "स्वयंपाक सगळे येऊन करणार आहेत की मी?" झकास केला ओटा! आता त्या ओट्यावर देवस्थळी चहा करतात. सहा फुटी माणूस आणि मांडीएवढा ओटा... असा कमरेतून वाकलेला. सकाळी भिंतीतून मला आधी कण्हणं ऐकू येतं, मग गॅसचा लायटर. निहार फोनवर ओरडतो, "बाबा, तो ओटा वर करून घ्या, पाठीची वाट लागेल तुमच्या!" आणि हे म्हणतात, "बरं बरं." आणि पुन्हा वाकतात.

झालं काय, यंदा विम्याचा हप्ता वाढला. थोडाथोडका नाही, चांगला दुपटीच्या वर! का वाढला? बिल्डिंग जुनी झाली म्हणे. अहो, मग आम्ही काय करायचं, लहान करायची तिला? व्हॉट्सॲपवर केतनचा मेसेज: 'यंदा इन्शुरन्स स्किप करू या, बिल्डिंग जाणारच आहे.' खाली अंगठेच अंगठे. पाडायचीच आहे ना!

देवस्थळींनी तो मेसेज वाचला आणि त्यांचा जीव थाऱ्यावर राहिना. त्यांनी त्या विमा कंपनीतल्या गंधालीला फोन लावला. पोरगी चांगली आहे हो, पण ह्यांचा प्रश्न काय? "मॅडम, ओट्याचा विमा निघतो का?" मी इकडे पोळी लाटता लाटता थांबले. ती म्हणाली असणार, एकट्या घराचा निघतो, काका. कारण हे खूश झाले, "वा, वा, मग काढू या!" मग तिकडून ती काहीतरी लांबलचक बोलली, आणि ह्यांचा आवाज एकदम खाली. नंतर मलाच सांगितलं. ती म्हणाली, काका, पण अख्खी बिल्डिंगच गेली, आणि ती बांधायला कुणाकडे पैसे नसले, तर तुमचा ओटा आम्ही बांधून देणार कुठे? तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, हवेत? खरं आहे की नाही? तिचं काय चुकलं? पण माझ्यासमोर हा माणूस असा उभा, आणि म्हणतो, "वहिनी, म्हणजे तिचा ओटा राहायला सगळी बिल्डिंगच राहायला हवी हो."

म्हणून त्यांनी ठरवलं. सभेत बोलायचं! देवस्थळी बोलणार! तुम्हाला सांगते, पुढचे दिवस सकाळचा चहा म्हणजे भाषण. भिंतीतून ऐकू यायचं, "आदरणीय अध्यक्ष महाशय आणि सभासद बंधुभगिनींनो..." मग कण्हणं, मग लायटर, मग, "छे, छे... प्रिय सभासदहो..." मग दूध उतू! मी इकडून ओरडायचे, "भाऊजी, गॅस!" "हो हो वहिनी!" आणि पुन्हा पहिल्यापासून. मला पण पाठ झालं ते. चांगलं होतं हो, खरंच चांगलं होतं. शेवटी होतं उत्तराचं वाक्य. तिथे आले की दरवेळी अडकायचे, आणि मग नुसता नळ सोडल्याचा आवाज.

आला रविवार. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, शेवटच्या खुर्चीत न बसता मधल्या रांगेत. शेजारची खुर्ची रिकामी. कुणी बसायला आलं की म्हणायचे, "आहे, आहे." कोण आहे? कुणी नाही! पण माणसं बिचारी पुढे गेली.

आमचा सेक्रेटरी प्रीतम. गजभियांचा. गुणी पोरगा, एअरपोर्टला शिफ्टची नोकरी करतो, आणि सेक्रेटरी झाला कारण निवडणुकीच्या सभेला उशिरा आला. आमच्याकडे जो उशिरा येतो तोच निवडून येतो. शाळेत असताना ह्याच प्रीतमला उत्तराने गणित शिकवलंय, त्याच ओट्याला टेकून, एकीकडे भाजी चिरत. तर तो इतिवृत्त वाचायला लागला. कसं वाचतो? श्वासच घेत नाही! "मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यात आले जमाखर्च मंजूर करण्यात आला पाण्याच्या टाकीची सफाई मंजूर करण्यात आली..." लोकं वड्याच्या पातेल्याकडे बघतायत. देवस्थळी खुर्चीच्या कडेला आलेले, ओठ हलतायत, आदरणीय अध्यक्ष महाशय, आदरणीय अध्यक्ष महाशय... आणि प्रीतम वाचतोय, "इमारतीचा विमा हप्ता परवडत नसल्याने व इमारत पुनर्विकासासाठी जाणार असल्याने यंदा विमा काढू नये असे सर्वानुमते ठरले सूचक सौ. उत्तरा विद्याधर देवस्थळी अनुमोद..."

आणि थांबला. पोराचा चेहरा असा पांढराफटक!

काय झालं होतं कळलं ना? मागच्या वर्षीचंच इतिवृत्त घेतलंन, मजकूर बदललान, आणि खालची नावं तशीच राहिली! म्हणजे जी बाई जन्मभर विमा काढा म्हणून पदर खोचून उभी राहिली, ती गेल्यावर तिनेच म्हणे ठराव मांडला, काढू नका!

केतनने पातेल्यातून हळूच काढलेला वडा, तो हातातच राहिला. देवस्थळी उठले. मला वाटलं, आता सुरू होतंय, आदरणीय अध्यक्ष महाशय... कसलं काय! सगळं पाठांतर गेलं. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले आणि म्हणाले,

"तिचं म्हणणं असं नव्हतं."

बस. एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलले, ते हे.

प्रीतमच्या डोळ्यांत पाणी. "सॉरी काका, ड्युटीवरून आलो आणि घाईघाईत... काढतो, काकूंचं नाव आत्ताच काढतो. कुणाचं लिहू?"

आणि इथून पुढे बघा मजा! विमा नको म्हणणारी किती माणसं? सगळी! अंगठेच अंगठे! आणि सूचक म्हणून नाव द्यायला? एक नाही! केतन म्हणतो, "माझं नको यार, फ्लॅट बाबांच्या नावावर आहे." का रे, मेसेज टाकताना नव्हता का बाबांच्या नावावर? पहिल्या मजल्यावरची माधुरी म्हणते, "आमचा तर भाड्याने दिलाय, आम्ही कुठे इथे राहतो?" मग वड्याला कशाला आलीस गं? कुणी म्हणे मी मागच्या वेळी पार्किंगच्या ठरावाला नाव दिलं होतं, आता दुसऱ्याची पाळी. अहो, पण आतली गोष्ट सगळ्यांना माहीत होती. उद्या खरंच काही झालं, कुठे वायर पेटली, तर लोकं विचारणार, कुणी सांगितलं होतं विमा नको म्हणून? मग कुणाचं नाव निघणार? पाडायचीच आहे ना, पाडायचीच आहे ना म्हणणाऱ्यांना त्याखाली सही नको होती.

वडे थंड. शेवटी प्रीतमच, अगदी हळू, काही वाईट मनात नव्हतं हो त्याच्या, म्हणाला, "मग... काकूंचंच राहू दे का तूर्तास?"

देवस्थळी म्हणाले, "माझं लिही."

"काका? पण तुम्ही तर विमा हवा म्हणून..."

"हो. माझं लिही. तिचं काढ."

अहो, मला ओरडायचं होतं! भाऊजी, गप्प बसा, एक मिनिट गप्प बसा, कुणी नाव दिलं नाही तर ठराव लटकतोय, विमा वाचतोय! एकटे तुम्हीच तर उघड विरोधात आहात आणि तुम्हीच सूचक? पण त्यांच्याकडे बघितलं आणि नाही ओरडले. प्रीतमने तिच्या नावावर रेघ मारली, वर ह्यांचं लिहिलं, आणि ह्यांनी ते वाकून नीट वाचलं, घरी ओट्यावर वाकतात तसंच. अनुमोदक म्हणून खाली माझं नाव होतंच. प्रीतम म्हणाला, "काकू, तुमचं पण काढू?" म्हटलं, राहू दे रे. एकट्याचं नाव बरं दिसत नाही.

सर्वानुमते मंजूर. वडे वाटले. देवस्थळींनी दोन घेतले, एक शेजारच्या खुर्चीवर ठेवला, मग लक्षात आलं तसा उचलला आणि मला दिला. मी खाल्ला. काय करणार!

जिना चढताना मी शेवटी भांडलेच त्यांच्याशी. तर म्हणाले, "वहिनी, ते सगळं कळत होतं हो मला. पण जेवढा वेळ ते नाव शोधत होते ना, तेवढा वेळ तिचं नाव त्या वाक्याखाली होतं." आणि दार लावून घेतलं. भिंतीतून ऐकलं मी... नाही, चोरून नाही, भिंतच तशी! म्हणाले, "काढलं गं तुझं नाव." मग बराच वेळ नळ चालू.

आता बिल्डिंगला विमा नाही. आहे आपली उभी. कठडा हलतोय, आम्ही धरत नाही.

परवा देवस्थळींनी गवंडी बोलावला. ओट्यामागच्या भिंतीला ओल आलीय, गिलावा सुटलाय, म्हणजे आमची ती एकच भिंत. गवंडी पण इथलाच, त्यालाही सगळं ठाऊक! म्हणतो, "काका, कशाला खर्च? पाडायचीच आहे ना?" हे म्हणाले, "हो रे, पाडायचीच आहे. नीट कर पण." मग तो म्हणतो, "आलोच आहे तर ओटा पण वर उचलून देऊ? तुमच्या मापाचा?" मी इकडे गॅस बंद केला ऐकायला. "नको," म्हणाले, "आहे तेवढाच बरा."

मला राहवेना. मी भिंतीवर लाटणं आपटलं आणि ओरडले, "ए, तिकडचं झालं की इकडून पण गिलावा लाव रे!" तर तो मेला तिकडून विचारतो, "ताई, आता तुम्ही पण? पाडायचीच आहे ना!"

म्हटलं, "माहितीय रे! तू ये. सूचक ते, अनुमोदक मी."